निवड झाली का?

जुलै सरता सरता उरण-पनवेलच्या शाळांच्या फलकांवर तालुका क्रीडा स्पर्धांचं वेळापत्रक लागतं. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे मुलगे-मुली. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, मैदानी खेळ, कुस्ती. मग शाळेत तिन्हीसांजेपर्यंत शिट्ट्या वाजायला लागतात, डब्यात उकडलेली अंडी येऊ लागतात आणि पावसात भिजलेल्या मैदानावर भुसा टाकून सराव सुरू होतो. हा सगळा उत्साह मला मनापासून आवडतो. पण गेल्या काही वर्षांत त्याच्या आतून एक वेगळाच सूर ऐकू येऊ लागला आहे. मैदानावरून घरी आलेल्या मुलाला पूर्वी विचारायचे, ‘काय रे, जिंकलात का?’ आता विचारतात, ‘निवड झाली का?’

या दोन प्रश्नांतलं अंतर समजून घ्यायचं, तर स्पर्धेची रचना बघावी लागते. तालुक्यातून जिल्हा, जिल्ह्यातून विभाग, विभागातून राज्य, राज्यातून राष्ट्रीय, अशी ही उतरंड आहे. प्रत्येक पायरीवर बहुतेक सांघिक खेळ बाद पद्धतीने होतात. हरला तो संघ त्याच दिवशी घरी. जून-जुलैपासून घाम गाळलेल्या मुलींचा कबड्डीचा हंगाम पाऊण तासात संपतो आणि पुढचा सामना थेट पुढच्या वर्षी. तोवर काहींचा वयोगट उलटलेला असतो, काहींची दहावी आलेली असते. वर्षभराची मेहनत, आईबापांची आशा, शाळेची इभ्रत, क्रीडाशिक्षकाचा मान, सगळं त्या पाऊण तासावर येऊन बसतं. तेरा-चौदा वर्षांच्या खांद्यांवर हे ओझं कुठून आलं, याचा माग काढत गेलं की वाट न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डांतून जाते.

*

न्हावा आणि शेवा ही खाडीकाठची आगरी-कोळ्यांची दोन गावं. भातशेती, मिठागरं आणि मासेमारी यांवर इथला संसार चालायचा. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, जासई-दास्तान फाटा आणि नवघर इथे गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व आलं. २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं आणि देशाच्या कंटेनर वाहतुकीचा मोठा वाटा इथून जाऊ लागला. शेवा कोळीवाड्याच्या लोकांना उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात वसवलं, तर तिथल्या घरांना वाळवी लागली. ती माणसं कित्येक वर्षं दुसऱ्या पुनर्वसनासाठी भांडत राहिली.

जमीन गेली ती घरटी एका नोकरीच्या आशेवर. काहींना नोकरी मिळाली, बऱ्याच जणांना नाही. ज्यांना मिळाली त्यांची निवृत्ती झाली, आणि त्यांच्या नातवंडांना बंदरात कंत्राटदाराकडे लागण्यापलीकडे फारसं काही उरलेलं नाही. १२ जानेवारी २०२४ रोजी २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. त्याच दिवशी उरणपर्यंत लोकलही सुरू झाली आणि ‘न्हावा शेवा’ हे नाव रेल्वेच्या पाटीवर आलं. शेजारी विमानतळ उभा राहिला. एवढ्या मोठ्या उलाढालीच्या मधोमध राहणाऱ्या कुटुंबाला आपल्या पोरासाठी कुठला रस्ता दिसतो? शिक्षणाचा रस्ता लांबचा आणि खर्चाचा. धंद्याला भांडवल लागतं. राहतो खेळ. अंगात ताकद आहे, घराण्यात कबड्डीची परंपरा आहे, आणि खेळातून सरकारी नोकरी लागलेला एखादा तरी गावात सगळ्यांच्या ओळखीचा असतो.

या आशेला कागदोपत्री आधारही आहे. महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना कामगिरीनुसार जास्तीत जास्त २५ वाढीव गुण मिळतात. शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पोलीस भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर धावणं, १०० मीटर आणि गोळाफेक. त्यामुळे पहाटे पाचला ट्रकच्या रांगांच्या कडेने, डिझेलच्या धुरात धावणारी पोरं या पट्ट्यात नेहमी दिसतात. त्यांत भरतीचं वय झालेले असतात, आणि त्यांच्या मागे नववी-दहावीतलेही असतात.

ही सवलत चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. शेतमजुराच्या, रिक्षावाल्याच्या पोराला तिने खरंच वर आणलं आहे. पण खेळाच्या प्रमाणपत्राला नोकरीची किंमत आली की प्रमाणपत्राचाच धंदा सुरू होतो. ट्रॅम्पोलिन, टम्बलिंगसारख्या खेळांची बोगस प्रमाणपत्रं जोडून सरकारी नोकऱ्या मिळवल्याचं प्रकरण राज्यात गाजलं. वयाचे दाखले बदलून मुलांना खालच्या गटात उतरवण्याचा रोग तर इतका जुना आहे की केंद्र सरकारला २०१० मध्ये त्याविरुद्ध राष्ट्रीय संहिता आणावी लागली. हाडांची तपासणी करून वय ठरवणं आता अनेक खेळांत नेहमीचं झालं आहे. खोट्या वयाने खेळणाऱ्या मुलाचं पुढे काय होतं, यावर चर्चा होते. त्याच्यामुळे संघाबाहेर बसलेल्या खऱ्या चौदा वर्षांच्या मुलाचं काय झालं, हे कोणी विचारत नाही.

*

दिवाळी झाली, भातं झोडून झाली की या गावांत दुसरा हंगाम लागतो, टेनिस क्रिकेटचा. पूर्वी तो खाचरांत व्हायचा. कापलेल्या भाताचे खुंट तुडवून, पाणी मारून, लाकडी ठोकळ्यांनी चोपून खेळपट्टी बनवायची. आता प्रकाशझोतात रात्रभर चालणारे चषक आहेत: आमदार चषक, सरपंच चषक, कुणाच्या तरी स्मृतीचा चषक. मालिकावीराला मोटारसायकल, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण, गावच्या संघाला बाहेरून आणलेले खेळाडू. २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग सुरू झाली आणि टेनिस चेंडूवर खेळणाऱ्यांचाही लिलाव होऊ लागला. गावोगावच्या पोरांनी तो पाहिला.

या रात्रींचं सौंदर्य मी नाकारत नाही. इतक्या जिवंत प्रेक्षकांसमोर खेळायला मिळणं हे भाग्यच. पण त्याच संघांत दहावीतला डावखुरा गोलंदाज असतो, कारण तो यॉर्कर चांगला टाकतो. शनिवारी रात्री एका गावात, रविवारी दुपारी दुसऱ्या गावात, संध्याकाळी तिसऱ्या. हा हंगाम मेपर्यंत चालतो आणि बोर्डाची परीक्षा त्याच्या मधेच येते. शाळेतल्या संघातही तोच मुलगा, क्लबातही तोच आणि गावातही तोच. त्याने आठवड्यात एकूण किती चेंडू टाकले याची नोंद कुणाकडेच नसते. शाळेच्या शिक्षकाला फक्त शाळेचे माहीत, क्लबच्या प्रशिक्षकाला क्लबचे, आणि गावच्या कप्तानाला फक्त हे माहीत की शेवटचं षटक यालाच द्यायचं.

वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या चकत्या असतात. हाड तिथूनच वाढतं. तो भाग स्नायूबंधांपेक्षाही नाजूक असतो. धावण्या-उड्या मारण्याच्या अतिरेकाने गुडघ्याखाली गाठ येऊन दुखणं, जोरदार गोलंदाजी करणाऱ्या मुलांच्या कमरेच्या मणक्यात बारीक चीर पडणं, ही क्रीडावैद्यकाला चांगली परिचित दुखणी आहेत. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने म्हणून वेगवान गोलंदाजांसाठी वयानुसार मर्यादा घातली. पंधरा वर्षांखालच्या मुलाने एका दमात सहा षटकं आणि दिवसभरात बारा, त्यापुढे नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये सांगितलं, की एकाच खेळात झोकून देणं पंधरा-सोळा वर्षांपर्यंत पुढे ढकलावं, आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी असावी आणि वर्षातून एकूण तीन महिने, एकेक महिना करून, त्या खेळापासून दूर राहावं. हा सल्ला आपल्याकडच्या आईबापांना चैनीचा वाटेल. तीन महिने पोरगं थांबलं तर दुसरं पोरगं पुढे जाईल, ही भीती खरी आहे. म्हणूनच हा निर्णय एकेका कुटुंबावर सोडून चालत नाही. नियम सगळ्यांना सारखा असला तरच आईबाप थांबू शकतात.

कबड्डीत ओझं वेगळ्या बाजूने येतं. किशोर गटाला वयाबरोबर वजनाचीही अट असते. वर्षानुवर्षं ५५ किलो हा आकडा या पोरांच्या डोक्यात ठोकलेला आहे. मूळ हेतू चांगला. दांडग्या मुलाने काटकुळ्याला चिरडू नये. पण साडेसत्तावन्न किलोचा चढाईपटू संघाला हवा असतो. मग वजनकाट्याच्या आदल्या दिवशी पाणी बंद, जेवण बंद, अंगावर दोन जॅकेट घालून उन्हात पळणं. कुस्तीच्या तालमींतही हे चालतं. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाट १०० ग्रॅम वजनासाठी अंतिम फेरीतून बाद झाली, तेव्हा तिने आदल्या रात्री काय काय केलं हे सगळ्या देशाने ऐकलं. ती प्रौढ खेळाडू होती, आणि तिच्याभोवती डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ होते. पंधरा वर्षांच्या पोराभोवती मोबाइलवर पाहिलेला व्हिडिओ असतो. ज्या वर्षांत शरीराने भरभरून वाढायचं, त्याच वर्षांत त्याला आक्रसायला शिकवायचं, यासारखी उलटी गोष्ट नाही.

प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली. २०१९ च्या लिलावात चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईला एक कोटी पंचेचाळीस लाख मिळाले. खेड्यातल्या मातीतून आलेल्या मराठी मुलाचं हे यश लखलखीत आहे. प्रो कबड्डीच्या पाठोपाठ गावांतही मॅट आली. गावोगाव देवळापुढच्या मातीत वाढलेली पोरं आता शाळेच्या सिमेंटच्या अंगणावर पातळ मॅट टाकून खेळतात, आणि माती जिथे पडलेल्याला झेलायची तिथे आता गुडघा वाजतो.

*

शालेय खेळाच्या या चढत्या पाऱ्याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण खाडीपलीकडे, कल्याणला घडलं. ४ आणि ५ जानेवारी २०१६. मुंबई क्रिकेट असोसिएशनची भंडारी चषक आंतरशालेय स्पर्धा. के. सी. गांधी शाळेचा पंधरा वर्षांचा प्रणव धनावडे नाबाद १००९ धावा करून परतला. १२९ चौकार, ५९ षटकार. १८९९ साली इंग्लंडच्या क्लिफ्टन कॉलेजात ए. ई. जे. कॉलिन्सने केलेला नाबाद ६२८ चा विक्रम ११७ वर्षांनी मोडला. संघाची धावसंख्या तीन बाद १४६५. रिक्षाचालकाचा हा मुलगा एका रात्रीत जगभर पोहोचला.

त्याची एकाग्रता, त्याचा दम, दोन दिवस न थकलेलं मनगट, या सगळ्याला माझा सलाम आहे. पण मला त्या धावफलकाची दुसरी बाजू सारखी आठवते. समोरची शाळा ३१ आणि ५२ धावांत बाद झाली. एक डाव आणि १३८२ धावांनी पराभव. तेव्हाच्या वृत्तपत्रांनीच लिहिलं होतं, की त्या संघात मोठी, अनुभवी मुलं नव्हती आणि मैदानाची एक सीमारेषा फारच जवळ होती. कोवळी पोरं दोन दिवस चेंडू आणायला पळत राहिली. एक हजार धावा होईपर्यंत डाव घोषित करण्याचा विचार मैदानावरच्या कुठल्याही मोठ्या माणसाच्या मनात टिकला नाही. विक्रम सगळ्यांना हवा होता: शाळेला, प्रशिक्षकाला, धावत आलेल्या वाहिन्यांना, आणि घरी बसून बघणाऱ्या आपल्यालाही.

नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबईत हॅरिस शील्ड या आंतरशालेय क्रिकेट स्पर्धेचा एक सामना झाला. एका संघाने ७६१ धावा केल्या; त्यातल्या बऱ्याच तर समोरच्यांनी वेळेत षटकं टाकली नाहीत म्हणून दंडापोटी मिळालेल्या. उत्तरादाखल दुसरा संघ सात धावांत बाद झाला आणि त्या सातही अवांतर. दहाच्या दहा फलंदाज शून्यावर. बातमी देशभर गंमत म्हणून फिरली. त्या दहा मुलांपैकी किती जणांनी पुन्हा बॅट हातात घेतली असेल? एका बाजूला बाहेरच्या शाळांतून वेचून आणलेली मुलं, पहाटे-संध्याकाळ सराव, सवलतीची हजेरी. दुसऱ्या बाजूला हौसेने संघ पाठवणारी साधी शाळा. शाळा बदलून क्रिकेटच्या शाळेत जाणं मुंबईत नवं नाही. प्रशिक्षक आचरेकर सरांच्या सांगण्यावरून सचिन तेंडुलकर शारदाश्रम शाळेत गेला आणि १९८८ मध्ये त्याने आणि विनोद कांबळीने ६६४ धावांची भागीदारी केली. पण तेव्हा हा अपवाद होता. आता ती पद्धत झाली आहे, आणि तिने आंतरशालेय स्पर्धेतला ‘शालेय’ हा भाग जवळजवळ काढूनच टाकला आहे.

प्रणवचं पुढे काय झालं? असोसिएशनने त्याला पाच वर्षं महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती जाहीर केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कल्याणच्या सुभाष मैदानावर एका केंद्रीय मंत्र्यांच्या हेलिकॉप्टरसाठी हेलिपॅड करायचं ठरलं. खेळणाऱ्या मुलांची जागा जाते म्हणून प्रणवने हरकत घेतली आणि पोलीस त्याला ठाण्यात घेऊन गेले. हजार धावा करणाऱ्या मुलालाही सरावाच्या मैदानासाठी भांडावं लागलं, ही गोष्ट मला त्या १००९ धावांपेक्षाही अधिक बोलकी वाटते. २०१७ मध्ये त्याच्या वडिलांनी असोसिएशनला पत्र लिहून शिष्यवृत्ती थांबवायला सांगितलं. मुलाचा खेळ घसरला होता आणि पैसे घेणं त्यांना पटत नव्हतं. किती प्रामाणिक माणूस! आणि किती दडपण, की पंधराव्या वर्षी केलेल्या एका खेळीचं देणं सतराव्या वर्षी फेडून दाखवावं लागावं.

हेच दडपण निराळ्या रूपात पृथ्वी शॉच्या वाट्याला आलं. विरारहून लोकलने वांद्र्याच्या शाळेत येणाऱ्या या पोराने २०१३ मध्ये हॅरिस शील्डमध्ये ५४६ धावा केल्या. २०१८ मध्ये तो एकोणीस वर्षांखालच्या विश्वविजेत्या संघाचा कर्णधार होता. त्याच वर्षी राजकोटला कसोटी पदार्पणात शतक. २०१९ मध्ये खोकल्याच्या औषधातल्या निषिद्ध द्रव्यामुळे आठ महिन्यांची बंदी आली. २०२४ मध्ये मुंबईच्या रणजी संघातून वगळणं आणि आयपीएल लिलावात कुणीच न घेणं. चुका त्याच्या असतील, पण चौदाव्या वर्षापासून ज्याच्याकडे सगळ्यांनी पुढचा सचिन म्हणूनच पाहिलं, त्याला साधा पृथ्वी होऊन वाढायला वेळ कधी मिळाला? आणि आता तर वैभव सूर्यवंशी तेराव्या वर्षी एक कोटी दहा लाखांना आयपीएलमध्ये गेला, चौदाव्या वर्षी त्याने ३५ चेंडूंत शतक ठोकलं. तो विलक्षण मुलगा आहे. पण उलवे, कामोठे, खारघरच्या टर्फवर तासाने पैसे भरणाऱ्या बापांच्या मनातलं घड्याळ त्याने आणखी पुढे सरकवलं. पोरगं बारा वर्षांचं झालं, अजून काही नाही, ही चिंता आता खरोखर बोलून दाखवली जाते.

*

आपल्याच रायगड जिल्ह्यात ६ सप्टेंबर २०२३ रोजी जे घडलं ते मात्र कुठल्याही लिलावापासून, शील्डपासून फार दूरचं होतं. माणगाव तालुक्यात गोरेगावजवळच्या एका शाळेच्या मैदानावर तालुका स्पर्धेसाठी भालाफेकीचा सराव चालू होता. शाळेच्याच संघातला पंधरा वर्षांचा मुलगा बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. दुसऱ्या मुलाने फेकलेला भाला त्याच्या डोक्यात घुसला. तो वाचला नाही.

त्या मुलाचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याच्या घरच्यांनी पुरेसं सोसलं आहे. ज्याच्या हातून भाला सुटला तोही शाळकरी पोरच. त्याला हे आयुष्यभर वागवायचं आहे. मला बोलायचं आहे ते मोठ्यांबद्दल. ७ ऑगस्ट २०२१ रोजी नीरज चोप्राने टोकियोला सुवर्णपदक जिंकलं आणि भाला गावागावांत पोहोचला. ही आनंदाची गोष्ट होती. पण भाल्याबरोबर जे पोहोचायला हवं होतं ते मागेच राहिलं. भाला पडण्याचा पट्टा सुमारे २९ अंशांच्या कोनात आखलेला हवा. त्या पट्ट्यात आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कुणी थांबता कामा नये. फेकणाऱ्याने इशाऱ्याशिवाय फेकायचं नाही. सगळे भाले पडल्यावरच सगळ्यांनी मिळून ते आणायला जायचं, आणि एक जबाबदार मोठा माणूस दुसरं काहीही न करता फक्त हेच बघत उभा राहिला पाहिजे. यातल्या कशालाच फार पैसे लागत नाहीत. जागा लागते आणि माणूस लागतो. बहुतेक शाळांत एकच क्रीडाशिक्षक असतो. त्याच्याकडे खो-खोही असतो, कबड्डीही, शाळेच्या कार्यालयातली कामंही आणि निवडणुकीची यादीही. स्पर्धा तोंडावर आलेली असते. दोन खेळांचा सराव एकाच वेळी, एकाच मैदानावर चालतो.

केरळात २०१९ मध्ये अगदी असंच झालं होतं. पाला इथे राज्य कनिष्ठ मैदानी स्पर्धेत भालाफेक आणि हातोडाफेक एकाच वेळी घेतल्या गेल्या. भाले गोळा करणाऱ्या अकरावीतल्या स्वयंसेवक मुलाच्या डोक्यात हातोडा बसला आणि सतरा दिवसांनी तो गेला. त्या बातमीवरून महाराष्ट्रातल्या शाळांनी चार वर्षांत काय शिकायला हवं होतं, हे माणगावने दाखवून दिलं. स्पर्धा वाढवताना, नवे खेळ आणताना, पदकतालिका छापताना आपण जी घाई करतो, तिचं बिल असं कुठेतरी आडगावात फाटतं.

मारझोडीबद्दलही बोललं पाहिजे. कायदा शाळेत शारीरिक शिक्षेला मनाई करतो. शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम स्पष्ट आहे. वर्गातली छडी बरीचशी गेली, मैदानावरची मात्र ‘शिस्त’ म्हणून टिकून आहे. जपानमध्ये ओसाकाच्या एका शाळेत बास्केटबॉलच्या कर्णधाराने डिसेंबर २०१२ मध्ये प्रशिक्षकाच्या मारहाणीला कंटाळून जीव दिला, तेव्हा तो देश हादरला. मुलींच्या बाबतीत भीती दुहेरी असते. निवड, प्रवास, मुक्काम, सगळं ज्या एका माणसाच्या हाती, त्याच्याविरुद्ध तक्रार कुठे करायची? स्पर्धेला जाणाऱ्या मुलींबरोबर महिला शिक्षक हवीच हे सगळे मान्य करतात, आणि ऐनवेळी ‘बाई मिळाल्या नाहीत’ म्हणून संघ तसाच निघतो. मग एखादी आई पुढच्या वर्षी मुलीला पाठवतच नाही. खेळातून मुली गळतात त्याचं खापर संस्कृतीवर फोडणं सोपं आहे. त्या आईची भीती मात्र रास्त असते.

या सगळ्यात आणखी एक गोष्ट दिसेनाशी होते. शाळेत हजार मुलं असली तर संघांत फार तर शंभर. बाकीची नऊशे टाळ्या वाजवायला. जे खेळतात ते हाडं झिजेपर्यंत खेळतात आणि जे निवडले जात नाहीत त्यांचा पीटीचा तास गणिताला जातो. खेळाचं वेड वाढलं असं आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात खेळणाऱ्या मुलांची संख्या वाढली का, हा प्रश्न राहूनच जातो. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘मिशन वन मिलियन’ नावाने महाराष्ट्रात एका दिवसात लाखो मुलांना फुटबॉल खेळवला, पुढच्या महिन्यात नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाचे सामने झाले. सुंदर दिवस होता तो. दुसऱ्या दिवशी त्या चेंडूंना खेळायला जागा कुठे होती?

नॉर्वेने १९८७ मध्ये मुलांच्या खेळातल्या हक्कांची सनद केली. अकरा वर्षांपर्यंत गुणतालिका आणि क्रमवारी नाही, तेरा वर्षांखालच्यांना राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा नाही. त्या साधारण पंचावन्न लाखांच्या देशाने २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ३९ पदकं जिंकली. म्हणजे लहान मुलांना मोकळं सोडलं की मोठे खेळाडू कमी होतात, हे खरं नाही. जपानच्या शालेय बेसबॉल स्पर्धेत २०१३ मध्ये सोळा वर्षांच्या मुलाने एका स्पर्धेत ७७२ चेंडू फेकले. तिथे वर्षानुवर्षं अशा पोरांच्या जिद्दीची पूजा झाली, आणि अखेर २०२० पासून आठवड्याला ५०० चेंडूंची मर्यादा आली. शंभर वर्षांची परंपराही बदलता येते.

आपल्याकडे काय करता येईल, याची उत्तरं फार अवघड नाहीत. तालुका पातळीवर पहिल्याच दिवशी बाद करण्याऐवजी साखळी सामने घेतले तर प्रत्येक शाळेला किमान चार-पाच सामने मिळतील आणि एका पाऊण तासाचं ओझं उतरेल. गोलंदाजांच्या षटकांची वही शाळा, क्लब आणि गाव यांच्यात एकच असावी. वजनकाटा मोसमाच्या सुरुवातीला आणि डॉक्टरांसमोर व्हावा. फेकीच्या खेळांचा सराव स्वतंत्र दिवशी, स्वतंत्र शिक्षकाच्या देखरेखीत. आणि या सगळ्याला लागते ती जागा.

जागेचा प्रश्न इथे निव्वळ पैशांचा नाही. २००३ मध्ये नवी मुंबईत घणसोलीला शासकीय क्रीडा संकुलासाठी वीस एकर जागा ठेवली होती. २०२१ मध्ये सरकारने ठरवलं की ते संकुल ११५ किलोमीटरवरच्या नाणोरे गावी न्यावं, आणि घणसोलीची जागा इमारतींना मोकळी व्हावी. नाणोरे हे त्याच माणगाव तालुक्यातलं. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. नंतर सर्वोच्च न्यायालयातही खंडपीठाने सरकारच्या या पद्धतीवर कडक शब्दांत बोट ठेवलं. वास्तुरचनाकारांची संघटना कोर्टात गेली म्हणून ती जागा वाचली. न्हावा शेव्याच्या गावांकडे कोर्टाचीही गरज पडू नये असा एक आधार आहे. साडेबारा टक्क्यांच्या योजनेत शेतकऱ्याच्या हाती प्रत्यक्षात पावणेनऊ टक्केच येतात. उरलेले पावणेचार टक्के सिडकोने सार्वजनिक सुविधांसाठी कापून घेतले. मैदान ही अशीच सुविधा आहे. म्हणजे ज्या आजोबांनी जमीन दिली, त्यांनीच नातवाच्या मैदानाची किंमतही आधीच मोजली आहे. गावागावाच्या नावाने कापलेल्या या जमिनीतली किती मैदानांसाठी आहे, ती आज कुणाच्या ताब्यात आहे आणि तिथे मुलं खेळतात की कंटेनर उभे आहेत, एवढी यादी ग्रामपंचायतींनी आणि शाळा व्यवस्थापन समित्यांनी मागावी. माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज त्याला पुरतो, आणि पुढच्या जुलैच्या वेळापत्रकाला अजून अवकाश आहे.